भुलाबाईचा झाकलेला डबा

आमच्या शाळेत जुन्या चालीरीतींचं मंडळ निघालं, तेव्हा मी सगळ्यांत शेवटी नाव दिलं. चांदूर बाजारच्या माळ्याची पोर मी, अमरावतीला मावशीकडे राहून शिकत होते. वांग्याच्या वाफ्यातून उठून हायस्कुलात आले ती शहाणी व्हायला, आणि इथे पुण्याहून आलेल्या बाई दर शनिवारी विचारायच्या, तुमच्या घरी काय काय करतात ते सांगा. आम्ही मुली एकमेकींची तोंडं बघायचो. आम्ही घरी करतो त्याला चालीरीती म्हणतात, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?

आश्विन लागला आणि बाईंनी फळ्यावर भोंडल्याचा हत्ती काढला. मी मुळात फटकळ, गप्प राहवेना. म्हटलं, आमच्याकडे हत्ती नसतो, मातीची भुलाबाई बसते आणि शेजारी तिचा भुलोजी. बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फडकं घेऊन हत्तीच पुसून टाकला. तेव्हापासून बाई मला जाम आवडायला लागल्या.

मग ठरलं, कोजागिरीच्या दुपारी मंडळाची भुलाबाई शाळेत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे शाळा तपासायला नागपूरहून मोठ्या बाई यायच्या. त्याही येणार होत्या. खाऊ माझ्या घरचा. आमच्यात गाणी संपली की झाकलेला डबा पुढे येतो. हलवायचा, वास घ्यायचा, आत काय ते ओळखायचं. ओळखलं किंवा ‘हरलो’ म्हटलं, तरच झाकण निघतं.

मला मात्र घोर लागला होता. बाबांचा निरोप आला होता की कोजागिरीला न्यायला येतो, शिक्षण पुरे झालं. सुटीत मी घरी शहरासारखं बोलले, ते त्यांना लागलं होतं. शाळा पोरीला आपल्यातून उठवते, असं ते मायजवळ म्हणाले होते. मला शाळा सोडायची नव्हती, आणि रडण्याने बाबा विरघळणारे नव्हते. मावशीने माझं गाठोडंही बांधून ठेवलं.

त्या दिवशी भाजीची बैलबंडी बाजारात रिकामी करून बाबा मायने दिलेला डबा घेऊन आले आणि वर्गाच्या दाराशी उभे राहिले. आम्ही फेर धरला. गाताना माझं अर्धं लक्ष दाराकडे. तिसऱ्याच गाण्याला त्यांची मान डोलायला लागली, तसा माझा आवाज चढला.

डबा निघाला. मोठ्या बाईंनी हलवला, पण मायने आत फडकं कोंबलेलं, आवाज कसला येतो! गोड की तिखट? गोड, बाबा दारातून म्हणाले. लाडू? नाही. अनारसे? नाही. घोटाळा असा, की ‘हरलो’ म्हणता येतं हे त्यांना सांगायचंच राहिलं होतं, आणि आता सांगावं तर पाहुणीला हार मान म्हटल्यासारखं होणार. त्या बिचाऱ्या एकेक पक्वान्न आठवत राहिल्या. बाहेर टांगेवाला घंटा वाजवत होता, त्यांची नागपूरची गाडी चुकायची वेळ आली. आमच्या बाई घाईने दाराशी गेल्या आणि बाबांना म्हणाल्या, डबा तुम्हीच आणलात, सांगून टाका.

बाबा म्हणाले, “मालूम हाय मले. पण घरच्यानंच सांगतलं तं खेळ कायचा राह्यला, बाई?”

मग वर्गात कधी कुणाला हार न जाणाऱ्या आमच्या बाईंनी सगळ्यांदेखत हात जोडले. “हरलो आम्ही.” मोठ्या बाईंना हसू आवरेना, त्याही हरल्या. आतून निघाली कोहळ्याची बोंडं, आमच्याच वाडीतलं लाल कोहळं, म्हणजे भोपळा, गुळात शिजवून तळलेली. मोठ्या बाईंनी उभ्या उभ्या खाल्ली, उरलेली रुमालात बांधली आणि टांग्याकडे पळाल्या.

मी गाठोडं घेऊन बंडीपाशी गेले. बाबा बैल जुंपताना आपल्याशीच हसत होते.

“पुढच्या साली शिंगाडे आणतो,” ते म्हणाले. “थे तं कोणाच्या बापाले ओळखू येत नाई.”

मी भीतभीत विचारलं, “मंग मले घरी नाई चालायचं?”

“तू घरी आली,” बाबा म्हणाले, “तं डबा कोणाच्या शाळेत आणू?”