दादाची डिस्क मला उघडत नाही

भुताखेतांच्या पोस्टवर इथे सगळ्यात जास्त टिंगल करणारा मीच. जुन्या सभासदांना आठवत असेल. त्यामुळे आता तुम्ही माझी करा, हरकत नाही. फक्त ‘व्हायरस असेल’ एवढं कुणी लिहू नका... माझं पोट त्याच कामावर आहे.

मी आणि आई घोडबंदर रोडला राहतो. माझा चुलतभाऊ मंगेशदादा मोहन्याला, काकूसोबत. आम्ही दोघं माझ्या नावाच्या एकाच अकाउंटवर ऑनलाइन गेम विकत घ्यायचो. त्यातल्या एका गेममध्ये तर नऊ वर्षं मिळून एक गाव वसवलेलं — नदी, पूल, बाजार, सगळं. दादाचा नियम असा, की गेम घेतला की त्याची कॉपी हार्ड डिस्कवर काढायची. दर दसऱ्याला काकूच्या पूजेत त्याच्या पक्कड-टेस्टरशेजारी ती डिस्क असायची, आणि दुसऱ्या दिवशी तो नेट बंद करून एकेक गेम चालतो का ते बघायचा. मी हसायचो. तो म्हणायचा, “दुकानवाल्याने दिलंय ते दुकानवाला काढून पण घेईल. आपल्या कपाटात असेल तेच आपलं.”

काढून आधी घेतलं ते मीच. एका साखरपुड्यात आमचं वाजलं. चार लोकांत तो मला “दीडशहाणा” म्हणाला, आणि मी हॉलच्या जिन्यात उभा राहून मोबाइलवरून अकाउंटचा पासवर्ड बदलला. वर मेसेज टाकला — आता खेळ तुझ्या कपाटातलं. त्याने उत्तर दिलं नाही. सात महिने मीही बोललो नाही. श्रावणात तो कामावरच हार्ट अटॅकने गेला.

त्यानंतर त्या ऑनलाइन दुकानाने तो गेमच काढून टाकला, आमच्या खरेदीच्या यादीतूनसुद्धा. म्हणजे आमचं गाव आता फक्त दादाच्या डिस्कवर. त्याची माझ्याकडे दुसरी काही आठवणच नाही. मागितली तशी काकूने दिली.

दसऱ्याला आईने डिस्कला हळदकुंकू लावलं आणि बजावलं, “पूजेतली वस्तू आहे, आज हात लावायचा नाही.” सकाळी अकराला, लख्ख उजेडात, मी ती उचलून लॅपटॉपला लावली. नेट बंद होतं. गेम सुरू झाला आणि मधोमध चौकट आली — पासवर्ड.

या कॉपीला पासवर्ड नसतो. कधीच नव्हता. तेवढ्यासाठीच तर दादा कॉपी काढायचा! जुना टाकला, नवा टाकला. चुकीचा.

ऑफिसातल्या एकाच्या लॅपटॉपवर लावली. त्याच्या हातात सरळ चालू. मी माउस घेतला — चौकट. केबल बदलली, मशीन बदललं, फायली एकेक तपासल्या. आई म्हणते, पूजेतली उचललीस त्याचं फळ. मग दुसऱ्याच्या हातात का चालते, ते मात्र तिलाही सांगता येत नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी मोहन्याला गेलो. दादाच्याच जुन्या पीसीला डिस्क लावली आणि म्हटलं, “काकू, इथे दाब जरा.” तिने एका बोटाने दाबलं. आमचं गाव उघडलं. नदीच्या अलीकडे दादाची घरं, पलीकडे माझी. मधला पूल नव्हता. तो दादाने जिवंतपणीच पाडला असणार, हे मला कळतं. पण मी माउसला हात लावला मात्र, आणि पुन्हा तीच चौकट.

काकू बघत होती. म्हणाली, “शेवटचं काय बोललेलास रे तू त्याला?”

मी खरं ते सांगितलं. ती उठली आणि आत गेली. त्या घरात मला चहा विचारला नाही असं पहिल्यांदाच झालं.

मग एकटाच होतो, म्हणून चौकटीत टाइप केलं — दादा, चुकलं माझं. एंटर मारलं.

चुकीचा पासवर्ड.

मला याचा अर्थ आजही लागलेला नाही, आणि तुम्ही खाली जे काय लिहाल त्याने लागेल असं वाटत नाही. डिस्क तिथेच, त्याच्या कपाटात ठेवून आलो. त्याची आहे.