मास्तर नसलेल्या वर्गाची हजेरी

"शिपाईभाऊ, खिडकी उघडा. मासोळीचा वास येऊन राह्यला."

प्राचार्य माझ्याकडे न पाहता बोलले. केबिनमध्ये दोन प्राध्यापक चहा पीत होते. ते हसले. मी त्या दिवशी मासोळीला हातही लावला नव्हता. आंघोळ करून, धुतलेला ड्रेस घालून पहिल्या एसटीने तालुक्याला आले होते. पण आम्ही ढिवर, तलावात मासोळी धरणारे. आमचा वास अंगाला नसतो, आडनावाला असतो.

मी टेबलावर निकाल ठेवले. सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचे.

बापाला लकवा मारला तेव्हा माझं कॉलेज सुटलं. विषय राहिले. पुन्हा अख्खं वर्ष भरायचं तर तलाठी भरती हातची जाणार, कारण तिला पदवी लागते. मग कळलं, हे अभ्यासक्रम पास केले की त्यांचे क्रेडिट पदवीत जमा होतात. विद्यापीठाचाच नियम. खर्च परीक्षेच्या फीपुरता. कॉलेजने फक्त मान्यता देऊन पुढे पाठवायचं.

आमच्या गावात रेंज नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर येते. तिथे बसून शिकले. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून ओढणी डोक्यावरून घेऊन तिच्या आत मोबाईल. येणारेजाणारे म्हणत, "पोरगी कोनाशी बोलून राह्यली वो?"

परीक्षेचं केंद्र चंद्रपूरला. आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या मच्छीमार सोसायटीची जाळं ओढायची पाळी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळे मिळून तलाव ओढतात. जो पाण्यात उतरला त्याला हिस्सा. उतरला नाही त्याला नाही. मी अध्यक्षभाऊंना विचारून पाहिलं.

"पाण्यात नाई तर हिस्सा नाई, बाई," ते म्हणाले. "मागच्या साली माह्या पोरालेबी नाई भेटला."

मी चंद्रपूरला गेले. माय एकटी उतरली. घरात एकच हिस्सा आला. वाईट वाटलं. अपमान नाही वाटला. तो नियम आधी माहीत होता आणि अध्यक्षाच्या पोरालाही तोच होता.

केबिनमध्ये मात्र नियम दारात कोण आलं ते पाहून ठरत होता.

प्राचार्यांनी माझे निकाल एका बोटाने मागे सरकवले. "मोबाईलवर डिग्री भेटते का? वर्गात बसली का तू?"

"सर, त्या विषयाले मास्तर कुठी आहे? जागा खालीच आहे."

प्राध्यापकांचा चहा थांबला.

"तोंड लय चालते तुझं. तुमच्या लोकाले सगळंच लवकर पाहिजे, सगळंच फुकट पाहिजे. पुढच्या वर्षी ये. वर्गात बस."

मग त्यांनी ऑफिसमधल्या बाबूला बोलावलं. त्याने कोरा कागद पुढे केला. सांगू लागला, मी लिहायचं. मी स्वखुशीने क्रेडिटची मागणी मागे घेत आहे. हे दिलं तरच पुढच्या वर्षीचा प्रवेश.

मी पेन उचललं. खोटं कशाला सांगू, उचललं. बाप खाटेवर, भरती डोक्यावर, आणि समोरचे सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. 'मी' लिहिलं. 'स्वखुशीने' लिहिलं. तिथे हात अडला. कसली खुशी? कोणाची? नियम यांच्या बाजूने असता तर यांनीच एका ओळीत नकार दिला असता. माझ्या हाताने काऊन लिहून घेतात?

मी तो कागद फाडला.

"सर, नाई म्हणायचं तर तुमी लिहून द्या. सही-शिक्क्यानं."

"बाहेर हो."

झाले. पण बाहेर बसून तीच मागणी लिहिली आणि आवक टेबलावर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय एसटी धरली नाही.

उत्तर अजून नाही. भरतीची मुदत संपत आली आहे. ही संधी बहुतेक गेली.

बल्लारपूरला एक कंत्राटी कामगार भेटला. कामाची पाळी सुटली की माझ्यासारखाच मोबाईलवर शिकायचा. कोरपन्याची एक पोरगी भेटली. दोघांकडूनही त्यांच्या कॉलेजांनी तेच लिहून घेतलं आहे. स्वखुशीने. दोघांनाही वाटत होतं, चूक आपलीच.

आता आम्ही तिघं मिळून विद्यापीठात जाणार आहोत. तिथे ऐकलं नाही तर कोर्टात. मला वर्ष लागो, दोन लागोत. मी शिकलेलं पुन्हा शिकल्याचं सोंग करणार नाही. आणि माझा नकार माझ्याच हाताने लिहून कोणाला देणार नाही.