दुसऱ्या लेकराची झोप

घरात पाऊल टाकलं की आमची न्हाऊ घालणारी मावशी बाळाकडे बघायचीच नाही. जगाची रीत अशी की बाळंतिणीच्या खोलीत आलेल्या माणसाने आधी पाळण्यात डोकवावं, नाक कुणाचं नि कपाळ कुणाचं याचा निकाल लावावा. ही सरळ माझ्याजवळ यायची, हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवायची, अंगठ्याने खालची पापणी ओढायची आणि म्हणायची, "आधी तुमचे डोये पायतो. लेकराचं मंग."

आमच्या वऱ्हाडात बायकाही 'पायतो', 'येतो' असंच बोलतात. मी अकोल्याची, मला त्याचं काही नव्हतं. पण आमचे 'हे' पुण्याकडचे. अमरावतीच्या शाळेत मास्तर म्हणून आले नि इथलेच झाले, तरी तिचं बोलणं त्यांना भांडणच वाटायचं. "ती रागावली आहे का?" असं ते मला दाराआडून विचारायचे.

ती रागावलेली नसायची. गावाबाहेर तिचा वांग्या-मेथीचा मळा होता. उजाडताच भाजी बाजारात घालायची आणि मग तीन-चार घरच्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायला निघायची. तेल लावताना तिच्या हाताला मेथीचा वास यायचा. पाय लांब करून पाटावर बसली, की पायांवर पालथं घातलेलं मूल रडायचं विसरून जाई. अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत येत असेल, नीट पाहिलंत तर तुम्हालाही हेच दिसेल.

आता माझं शहाणपण सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, असा आमच्याकडचा रिवाज. थोरली अकोल्याला झाली. सव्वा महिना मी अंधाऱ्या उबदार खोलीत होते. मला आठवतं ते इतकंच, की मूल दूध प्यायचं आणि झोपायचं. मी अमरावतीला परत आले ती मिरवतच. शेजारच्या कुणी आपल्या रडव्या पोराचं गाऱ्हाणं मांडलं, की मी म्हणायचे, "आमच्याकडची मुलं झोपाळू हो." चार वर्षांनी धाकट्याची चाहूल लागली, तेव्हा ह्यांनी त्याच भरवशावर मॅट्रिकच्या मुलांची शिकवणी आमच्या पुढच्या खोलीत ठरवून टाकली.

सासूबाई नव्हत्या, म्हणून आई अकोल्याहून आली. बारशापर्यंत राहिली. तेवढे दिवस धाकटाही अगदी शहाण्यासारखा झोपला. बारसं झालं, आईला गाडीत बसवून दिलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून माझ्या लेकराची झोप उडाली.

दिवसा घरभर माणसं वावरत असली की हा गाढ. दिवे लागले की टक्क जागा. मांडीवर डोळा लागला म्हणून पाळण्यात ठेवावं, तर पाठ टेकताच रड सुरू. मी ठरवून टाकलं, बारशाला दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. डॉक्टर येऊन गेले, "मूल उत्तम आहे" म्हणाले. मला त्यांचाच राग आला. मूल उत्तम असतं तर झोपलं नसतं का? थोरलीला आम्ही दिवसभर "शूऽऽ" करून इतकं दटावलं, की ती पोर जिन्याखाली जाऊन बाहुलीशी कानात बोलायला लागली.

आठ-दहा दिवसांत माझी पार दशा झाली. वेणीला हात लागत नव्हता. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. तेव्हा शेजारच्या काकूंनी कागदाच्या पुडीत एक गोळी आणून दिली. मोहरीपेक्षा जरा मोठी, काळी. अफूची. त्या काळी ती घरोघर दिली जायची, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. काकूंचाही हेतू चांगलाच होता. "दुधात उगाळून चाटव. तूही झोपशील," एवढंच त्या म्हणाल्या. आणि खरं सांगते, मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. मी झोपेन, एवढंच ऐकू आलं.

सकाळी मी सहाणेवर थेंबभर दूध घेऊन गोळी टेकवणार, तोच ती आली. आधी माझे डोळे पाहिले. मग सहाण पाहिली.

"हे कोनं देल्लं?"

"काकूंनी. झोपेल म्हणाल्या."

तिने गोळी उचलली, न्हाणीतल्या चुलीत टाकली आणि लाकूड आत सारलं. मी रडायलाच लागले. म्हटलं, "मावशी, ह्याला काहीतरी झालंय. माझी थोरली नव्हती हो अशी. पहिल्या दिवसापासून झोपायची."

ती तिथेच पाटावर बसली. "बाई, येक सांगा. पयली पोरगी झोपत होती, का तुमी झोपत होत्या?"

मी रडायचं थांबले. कारण खरंच, मला माहीतच नव्हतं.

"याले काई रोग नाई," ती म्हणाली. "लेकरू दिसाचं झोपते, रातचं जागते. दीड-दोन मयने असंच रायते. रोग तुमाले झाला, झोप नसल्याचा." मग चुलीकडे बघत, त्याच सुरात, "माहा दुसरा असाच जागे. मले वावरात जा लागे. सासू मने, दे गोई, झोपते थो. झोपला, बाई. मंग उठलाच नाई."

एवढंच. पुन्हा त्या गोष्टीचा उल्लेख तिने कधी केला नाही. मी बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं की ते किंचाळलं. "जित्तं आहे, आयका," म्हणून ती हसली, आणि हंड्यातलं पाणी काढायला लागली.

न्हाणं झाल्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन ती थेट पुढच्या खोलीत गेली. "मास्तर, धरा."

"मी? मला पेपर तपासायचे आहेत."

"पेपर रडते काय?"

त्या काळी बाप आपलं मूल चारचौघांत उचलत नसत. ह्यांनी ते दप्तर धरावं तसं धरलं आणि घाबरून ओसरीवर फेऱ्या मारायला लागले. काय म्हणावं ते सुचेना, म्हणून पाढे म्हणू लागले. पावकी, निमकी झाली. पाऊणकीला पोरगा झोपला. पाळण्यात ठेवताच उठला, ते वेगळं. थोरलीला तिने जिन्याखालून बोलावलं, हातात पळी-पातेलं दिलं नि सांगितलं, "वाजव माय. पोटात होता तईपासून तुहाच कल्ला आयकते थो." आणि मला म्हणाली, "तुमी निजा."

मी झोपले ती दिवेलागणीला उठले.

मग आईला कार्ड टाकलं: थोरली खरंच झोपत होती का? उत्तर आलं. 'पाळीपाळीने आम्ही जागत होतो. तुझे बाबा त्या महिन्यात कोर्टात दोनदा पेंगले. बारशापर्यंत तिकडे धाकट्यालाही मीच रात्रभर घेऊन बसत होते. बाळंतिणीला हे सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नाही.' आमच्या झोपाळू घराण्याची कीर्ती त्या कार्डावर संपली. धाकटा पुढे तीन महिन्यांचा झाल्यावर आपल्या वेळेने झोपायला लागला.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे आमची मेथीही दुसरीकडून यायला लागली, नि कितीतरी दिवस मला ती मेथी वाटलीच नाही. तिची आठवण निघते तेव्हा मला एक दुपार दिसते. तिच्या सुनेला दुसरं मूल झालं होतं, ते बघायला मी थोरलीला घेऊन मळ्यात गेले होते. सून तापाने पडली होती. ही खोपीच्या सावलीत नातवाला घेऊन बसलेली, मान डुलत होती.

मी मूल मागितलं. "तुमी कायले?" म्हणून तिने ते आणखी जवळ ओढलं. "माहं लुगडं मातीचं, तुमचं धुवट."

मी मातीतच बसले, पाय लांब केले आणि मूल काढून घेतलं. ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग वाफ्याच्या कडेला आडवी झाली, पदर तोंडावर ओढला, आणि दोन श्वासांत घोरायला लागली. इतक्या वर्षांत तिला झोपलेली मी पहिल्यांदा बघत होते. माझ्या पायाला मुंग्या आल्या, ऊन सरकत पावलांवर आलं, तरी मी हलले नाही. मूल मात्र टक्क जागं होतं.