रावजीचा खडक

काशीदच्या अलीकडे डोंगर समुद्रात शिरतो. त्या टोकाला शेतकरी बैलमाथा म्हणतात, कारण ते शेतातून पाहतात. होडीतून पाहणारे कोळी तांबडी कड म्हणतात. रिसॉर्टवाले सनसेट पॉइंट म्हणतात, त्यांच्या लेखी तो डोंगर संध्याकाळी साडेपाचलाच उगवतो. टोकापुढे पाण्याखाली एक खडक आहे. त्याला मात्र एकच नाव, रावजीचा खडक.

कोळीवाड्याची रीतच तशी. ज्याची होडी फुटेल, त्याचं नाव खडकाला. रावजी पंचवीस वर्षांचा असताना त्याची फुटली. गाव म्हणतं, सुकाणूवर झोपला. रावजी म्हणतो, धुकं होतं. महिना वैशाख होता. आज तो अडुसष्टचा आहे, आणि अजून रोज पहाटे होड्या निघताना कुणीतरी ओरडतं, "रावजीला डावीकडे ठेव रं!"

पंचायतीनं पर्यटनाचा नकाशा काढायला घेतला, तेव्हा रावजी धुतलेली टोपी घालून सगळ्यांआधी पोचला. नकाशाचं काम पंचायतीतल्या परेशकडे होतं. परेशला होडी लागते, म्हणजे उलटी होते, म्हणून तो खडकाकडे कधी फिरकला नव्हता.

"त्याचं नाव मोतीखडक हाय," रावजी म्हणाला.

"मोती मिळतात?"

"न्हाय कसं म्हणू?"

परेशनं आनंदानं लिहून घेतलं. घरी रावजीची बायको नीराबाई म्हणाली, "अवो, मोती बघायला लोक जवळ जातील की." रावजीनं ऐकलं नाही. इथं तर धुकंही आड नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत रेवदंड्याचा केतन आपल्या बोटीतून पर्यटकांना मोतीखडक दाखवायला घेऊन गेला. ओहोटी होती. बोट फुटली. माणसं वाचली, मोबाइल बुडाले.

संध्याकाळपर्यंत वाड्यानं निकाल दिला: आता तो केतनचा खडक. "सुटलात, काका," शेजारचा सदा हसत म्हणाला. "त्रेचाळीस वर्षांनी."

केतन धक्क्यावर मान खाली घालून बसला होता. बावीस वर्षांचा, लग्न ठरत आलेलं. रावजीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रात्री जेवला नाही.

सकाळी तो परेशकडे गेला. "जुनं नाव लाव. रावजीचा खडक."

"काका, फलक छापून झाले. बदलायला कारण लागतं."

"केतन जागा होता," रावजी म्हणाला.

परेशला काही कळलं नाही. त्यानं कारणाच्या रकान्यात 'स्थानिक परंपरा' असं लिहिलं.