चार तोंडांची मुकी गाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मी तिथंच थांबेन! खरं म्हणजे ही गोष्ट सांगायचं माझ्या मनात नव्हतं. पण आमच्या घरचेच ती गावभर तिखटमीठ लावून सांगत फिरतात, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेली काय वाईट?

तर माझं तीर्थपुरीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकान साधंच, पण माझे कान साधे नाहीत. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. बरं, मीही म्हणतो. कुणाचं इंजिन कुरकुरायला लागलं की तो वावरातूनच फोन लावतो, "दत्ताभाऊ, ऐका बरं जरा," आणि फोन इंजिनाजवळ धरतो. मी इकडं डोळे मिटतो. "दोन नंबरचं नोझल गेलंय तुझं. खोलून घेऊन ये." झालं! जुनं ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं की आमच्याकडचे लोक कागदपत्रं नंतर बघतात, आधी मला नेऊन आवाज ऐकवतात.

आणि एवढा मोठा माणूस सासरी गेला की त्याला काय विचारतात? "जावईबापू, चहात साखर बराबर हाय ना?" बस! विषय संपला!

बाकी सगळं विचारायचं ते सुधाकररावांना. सुधाकरराव म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. संभाजीनगरला कारखान्यात साहेब आहेत. आमचे सासरे अण्णा, शहागडजवळ राहतात, त्यांना पाण्याची टाकी कोणत्या रंगाची घ्यावी हेसुद्धा सुधाकररावांनाच विचारावं लागतं. टाकी काळी घेतली. टाक्या काळ्याच असतात हो! पण नाही, सुधाकरराव बोलले म्हणजे ब्रह्मवाक्य.

अशात अण्णांना जुनं ट्रॅक्टर घ्यायचं निघालं. आणि वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा सासऱ्यांचा मला स्वतःहून फोन आला. "दत्तराव, शहागडात एक ट्रॅक्टर हाय इकायला. तुम्ही येऊन ऐकता का एकदा?"

तुम्हाला काय सांगू, मी फोन ठेवला आणि बायकोकडं असं बघितलं, असं बघितलं, की तिनं विचारलं, "छातीत दुखून राह्यलं का?"

ट्रॅक्टर मंगळवारी बघायचं ठरलं. आणि त्याआधीच्या रविवारी सुधाकरराव नवी गाडी घेऊन आले. जांबला समर्थांच्या पायाशी गाडीची पूजा करायची, जाताना आम्हाला दोघांना घ्यायचं, असा बेत. अण्णांना वाटेत शहागडहून उचललेलंच होतं. सोबत सुधाकररावांची मुलगी ऋतुजा. ती गाड्यांच्याच इंजिनीअरिंगला आहे, शेवटच्या वर्षाला. ही गोष्ट मी तेव्हा लक्षात ठेवायला पाहिजे होती.

गाडी काय वर्णावी! लालभडक, बुटकी, रुंद. रेसच्या गाड्यांच्या खानदानातली, म्हणे डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभराला टेकते. मागं सायलेन्सरची चार तोंडं! चार! आमच्या दहा टायरच्या ट्रकला एक असतं. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून वाट बघत होतो, की आता गरजेल, आता पत्रे हादरतील. गाडी येऊन माझ्या पायापाशी थांबली तरी मला पत्ता नाही. आमचा फ्रीज याहून जोरात चालतो हो!

बायको आणि ऋतुजा आत चहाला गेल्या. सुधाकरराव माझ्याजवळ आले, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "दत्तराव, एक विचारू का? व्हिडिओत ही गाडी लई गरजत होती. घरी आणली तवापासून मुकीच आहे. शोरूमवाल्यांना विचारायची लाज वाटते. तुम्ही जरा ऐकता का?"

सुधाकरराव! मला! विचारून राह्यले! आणि तेही अण्णांच्या देखत!

मी डोळे मिटले. ऐकलं. इंजिन चालूच होतं, पण ऐकायला काही असेल तर ऐकणार ना? तरी पण गंभीर तोंड करून मागं गेलो आणि चारी तोंडांसमोर एकेक करून तळहात धरला. आतल्या दोन तोंडांतून गरम हवा. बाहेरच्या दोन तोंडांतून काहीच नाही. थंडगार!

"अण्णा," मी म्हणालो, "इकडं या. हात लावा. दोन चालू, दोन जाम."

अण्णांनी हात लावून पाहिला. "खरंच की! हे तं दिसून राह्यलं सरळ."

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? तुम्ही काय केलं असतं? चार तोंडांपैकी दोन तोंडांतून धूर नाही, म्हणजे दोन बंद. दुसरीतलं पोरगं हेच सांगेल. आमच्याकडं ट्रॅक्टर चार महिने उभं राहिलं की कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते. दुकानातून सळई आणली, घातली. दोन बोटंसुद्धा आत जाईना!

"दगडासारखं बसलंय," मी जाहीर केलं. "इंजिन गुदमरून राह्यलं बिचारं. आवाज कुठून येईल?"

सुधाकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. "मग हो?"

"मग काय? मोकळं करू!"

सळईवर हातोडीचा एक ठोका दिला. कट्टकन आवाज झाला आणि अख्खं चकचकीत तोंडच माझ्या हातात आलं. मागं नुसतं काळं प्लास्टिक. क्षणभर मी ते पाठीमागं लपवायला निघालो. पण अण्णा बघत होते. डॉक्टरनं पेशंटसमोर घाबरून चालतं का?

"हे बघा!" मी ते हातात नाचवलं. "बूच! नवीन पंप येतो तवा त्याच्या तोंडाला प्लास्टिकचं बूच असतं का न्हाई? लावायच्या आधी काढावं लागतं. कंपनीतली पोरं इसरली काढायचं."

"एवढ्या महागाच्या गाडीत?" सुधाकरराव.

"तुम्हीच कारखान्यात हाय ना साहेब? तुमच्याकडं पोरं इसरत न्हाईत का?"

त्यांनी डोकं खाजवलं, म्हणजे विसरत असणार. मी दुसरंही बूच काढलं आणि दोन्ही भंगाराच्या ढिगावर फेकून दिली. अण्णा म्हणाले, "इंजिनाचं कळावं तं आपल्या दत्तरावालाच." हे वाक्य मी बायकोला आत जाऊन दोनदा सांगितलं.

जांबला जाताना ऋतुजा म्हणाली, "बाबा, मी चालवते." सुधाकरराव गाडी अशी चालवतात की जणू मागं मडकी भरली आहेत. पोरगी बसली, स्टिअरिंगजवळ कसलं तरी बटण दाबलं, पाय दिला, आणि काय सांगू! घर्रर्रर्र! छाती धडधडली! गाडी वाघासारखी गुरगुरायला लागली.

"आरं तिच्या!" मागून अण्णा ओरडले.

सुधाकररावांनी मागं वळून चक्क माझा हात हातात घेतला. मी डोळे मिटले. "हं. आता मोकळा झाला बघा दम. आधी घशात घास अडकल्ता. आता चारही नळ्या बोलून राह्यल्या. ऐका, डावी जराशी भारी हाय, उजवी पातळ. सेट होईल हजार किलोमीटरला."

डावी भारी, उजवी पातळ! देवा! असं बोलताना जीभ का झडली नाही माझी?

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? वाटेत तो आवाज फोनवर भरून घेतला आणि आमच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'इंजिनाचा आवाज असा पाहिजे. सायलेन्सरमधून बूच काढून मिळेल. दत्ताभाऊ.'

जांबला मंदिराबाहेर गाडी लावली. पूजेला नारळ पाहिजेच, तर नारळवाली मावशी स्वतःच खिडकीशी आली आणि काचेवर टकटक केलं. मी म्हटलं, ग्राहक असो नसो, माणसाला चांगली वस्तू दाखवावी. "ऋतुजा, जरा पाय दे." तिनं दिला. घर्रर्रर्र! मी काचेतून मावशीकडं ऐटीत बघितलं. मावशी नुसती नारळ धरून उभी. मी काच खाली केली.

"काय मावशी, कसा काय आवाज?"

"कशाचा?"

"इंजिनाचा!"

"गाडी बंदच हाय ना?" तेवढ्यात ऋतुजानं पुन्हा पाय दिला आणि मावशीनं खिडकीत डोकं घातलं. "हां, आता आलं ऐकू. टेपवर काय लावलंय हे? भजन तं न्हाई वाटत."

काय चिडलो मी! म्हटलं, चला, दाखवतोच. खाली उतरलो, दार लावलं. "ऋतुजा, दे पाय!" आणि कान टवकारले.

काही नाही. नुसतं घूं. शिलाई मशीनसारखं.

दार उघडलं. घर्रर्र! दार लावलं. घूं. उघडलं, घर्रर्र! लावलं, घूं. मागं गेलो, तोंडांपाशी वाकून कान लावला. घूं! पुन्हा येऊन आत बसलो. घर्रर्र! सात-आठ वेळा मी आत-बाहेर केलं. दर्शनाला आलेली माणसं थांबून बघायला लागली. एका आजीनं आपल्या नातवाला हाताला धरून पलीकडं नेलं.

अण्णा आतून शांतपणे म्हणाले, "जावईबापू, आवाज दारात हाय का इंजिनात?"

"काका, काय झालंय नेमकं?" ऋतुजानं विचारलं. मग सुधाकररावांनी तिला बुचांची हकीकत सांगितली. पोरीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला वाटलं रडून राह्यली. ती हसत होती.

"काका, ती बुचं नव्हती. ती शोभेची तोंडं होती. बाहेरची दोन नुसती दिसायला लावलेली असतात, त्यांना मागं नळीच नसते."

"नळी न्हाई तं तोंड कशाला?" मी ओरडलो.

"चार बरी दिसतात म्हणून."

"आणि हा आवाज?"

तिनं ते बटण पुन्हा दाबलं. गाडीत एकदम शांतता. मावशीच्या टोपलीतल्या नारळांचा खडखडाट तेवढा ऐकू आला.

"हा स्पीकरचा, काका."

मग तिनं समजावलं. इंजिन दमदार आहे, पण त्याचा धूर आधी टर्बोचा पंखा फिरवतो, तिथंच आवाजाचा अर्धा जीव जातो. पुढं धूर गाळायची जाळी. तिच्यापुढं आवाजाचे नियम, त्यासाठी भलामोठा सायलेन्सर. बाहेर येईपर्यंत उरतं काय? मग पैसे मोजलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून कंपनी आतल्या आत स्पीकरमधून गर्जना ऐकवते.

आता तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? धूर एकीकडून, तोंड दुसरीकडं आणि आवाज तिसरीकडून! अरे, मुकी गाडी द्यायची तर मुकी म्हणून द्या ना! आमच्या ट्रॅक्टरला जे दुखतं तेच ते बोलतं. खोटं कण्हत नाही. पण हे सगळं मी मनात म्हणालो. वर तोंड करून बोलायची सोय उरली होती कुठं?

"म्हंजी," अण्णा सावकाश म्हणाले, "डावी भारी न् उजवी पातळ, ते तुम्ही रेडिओचं सांगून राह्यल्ते?"

सुधाकरराव उतरून मागं एकदा बघून आले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "दत्तराव, ती तोंडं कुठं हैत?"

परत येऊन भंगारात शोधलं. एक सापडलं. ते मी डिंकानं चिकटवून दिलं, जरा तिरकं बसलं. दुसऱ्याच्या जागी नुसतं काळं प्लास्टिक. इकडं ग्रुपवर एकोणीस जणांनी विचारलं होतं, 'भाऊ, बूच काढायला कधी आणू?'

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी जेवलो नाही नीट. खरं सांगतो, गाडीचं दुःख नव्हतं, ती भरून देता येते. वीस वर्षांनी एकदा सासऱ्यानं विश्वासानं काही विचारलं होतं, आणि मी त्याची अशी माती केली. मला वाटलं, आता मंगळवारी सुधाकररावच जाणार ट्रॅक्टर ऐकायला.

पण सोमवारी संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "उद्या जल्दी या, दत्तराव. मी वाट बघतो." एवढंच. मी फोन ठेवला आणि बायकोकडं बघायची हिंमत झाली नाही, कारण डोळे भरून आल्ते.

मंगळवारी शहागडात ट्रॅक्टरपाशी दहा-बारा माणसं जमलेली. मालकानं स्टार्टर मारला. मी डोळे मिटले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि तेवढ्यात अण्णांनी मालकाला मोठ्यानं सांगितलं, "आधी तुमचा टेप बंद करा. आमचे जावई इंजिन ऐकून राह्यलेत."

"अण्णा," मालक म्हणाला, "ह्या ट्रॅक्टरला टेपच न्हाई."

सगळे खो खो हसले. अण्णा तर मांडी थोपटून हसले. हसलो नाही तो एकटा मी. कारण टेप नाही, हे मला माहीत होतं. सगळे यायच्या अर्धा तास आधी येऊन, सीटखाली आणि दोन्ही मडगार्डांच्या मागं वाकून मी स्पीकर शोधून घेतले होते.