डावा माझा, उजवा तिचा

कप रचण्याचा खेळ मला माझ्या मुलीने शिकवला. ती सातवीत होती आणि मी घरी बसून होतो. कापसाचे ते वाईट दिवस. लोहाऱ्याच्या ज्या जिनिंगमध्ये मी रुईच्या गाठी बांधायचो, तिथे कापसाच्या गाड्याच कमी येत होत्या. आठवड्यातून दोन दिवस बोलावलं तर बोलावलं.

शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिला प्लास्टिकचे बारा कप दिले होते. आतली हवा निघून जावी, कप एकमेकांत अडकू नयेत म्हणून त्यांच्या बुडाला भोकं. तीन, सहा, तीन असे मनोरे रचायचे आणि लगेच मोडून कप पुन्हा एकात एक बसवायचे, सगळं काही सेकंदांत. जोडीच्या खेळात दोघं शेजारी उभे राहतात, पण प्रत्येकाने एकच हात वापरायचा. सरांनी आई-वडिलांपैकी एकाला जोडीला घ्या म्हणून सांगितलं होतं. मी डावखुरा.

“बाबा, आपली जोडी तं आयतीच जमली,” ती म्हणाली. “डावा तुमचा, उजवा माहा.”

माझा रिकामा उजवा हात मात्र सारखा मध्ये यायचा. गाठ बांधताना एका हाताने सोडलेली पट्टी दुसऱ्याने झेलायची, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. शेवटी तिनेच उपाय काढला. “तो हात माह्या पाठीवर ठेवा. हालला का मले समजते.”

बायको ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, “गिलास घासाले घरात कोनी येत नाही, रचाले मात्र दोघं दोघं!”

ते दोन महिने मला अजून हवे आहेत. कपांची ती खटखट, माझ्या मनगटावर आपटणारी तिची वेणी, आणि तळहाताखाली तिचा धावणारा श्वास. कुणाला माझी इतकी गरज त्याआधी लागली नव्हती.

जिल्ह्याची स्पर्धा यवतमाळच्या एका शाळेत झाली. पहिली येणारी जोडी राज्याला जाणार होती, आणि हे तिने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तीन प्रयत्न मिळायचे. पहिल्या दोन्हींत आमचे कप घसरले. तिसऱ्यात आम्ही सुसाट होतो. शेवटच्या मनोऱ्याचा वरचा कप माझ्या डाव्या हातातून निसटला आणि उजव्याने तो झेलला. मी ठरवून केलं नाही. हातानेच केलं.

वेळ सगळ्यांत कमी लागला होता. माझ्यासोबत जिनिंगमध्ये काम करणारे दोघं बघायला आले होते, त्यांनी शिट्ट्या मारल्या. पण पंच बाईंनी हात वर केला. “मधे दुसरा हात लागला, हा प्रयत्न बाद. कोणाचा?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी कपांकडे पाहत राहिलो.

“माझा लागला, मॅडम,” ती म्हणाली.

“पोरगी गडबडली ना राजा!” मागून एक जण बोलला. आणि मी, त्याच उजव्या हाताने तिची पाठ थोपटत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “जाऊ दे बेटा, होते कधी कधी.”

ती एक पाऊल बाजूला सरकली. सोमवारी तिने कप धुऊन सरांना परत दिले.

आता ती नोकरीसाठी पुण्यात असते. मागच्या महिन्यात मी फोनवर सांगून टाकलं, “त्या कपाच्या स्पर्धेत हात माहा लागला होता, बेटा.”

ती म्हणाली, “मालूम हाय, बाबा. पाठीवरून उठला तवाच समजलं मले.”

“मंग तू काहून...”

“तुमी सांगसान म्हणून थांबली होती.” आणि लगेच, “जेवले का?”

मी नवे कप आणलेत, हेही सांगितलं. दिवाळीत आलीस की एकदा रचून पाहू, म्हटलं. “पाहू,” म्हणाली.

रोज सकाळी मी डाव्या हाताने माझ्या बाजूचे कप रचतो. उजवा हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवतो. कप निसटला की तो अजूनही उठतो.