दुसऱ्या वहीची चौकशी

जानेवारीतल्या एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, माझ्या वडिलांनी शाळा तपासायला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांच्या हातात चुकीची वही दिली. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा पाच महिनेही उरले नव्हते.

वडील जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत चौथीला शिकवायचे. गाव बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. रविवारी ते गावातल्या चर्चमध्ये उपदेश करत. पाळकांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, तीन गावांच्या मंडळ्या होत्या. ते महिन्यातून एकदा एसटीने येत आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचा प्रसाद, देऊन परत जात. उरलेले रविवार वडिलांचे. प्रभुभोजन देण्याचा अधिकार त्यांना नव्हता, बोलण्याचा होता.

शिक्षक धड्याचं टाचण काढतो, तसं ते उपदेशाचंही काढत. घटक, उद्दिष्टे, साहित्य, मूल्यमापन, गृहपाठ. मंडळीला याची सवय झाली होती. पहिल्या बाकावरची एक म्हातारी बाई उपासना संपल्यावर दर वेळी विचारायची, "मास्तर, आज काय घरून लिहून आणू? मले तं सहीच येते फक्त."

लोक गेले की रिकाम्या चर्चमध्ये बसून ते आठवड्याचं शाळेचं टाचण लिहीत. दोन्ही वह्यांना खाकी कव्हर होतं आणि दोन्हींवर फक्त त्यांचं नाव होतं. त्या रविवारी शाळेची वही चर्चच्या टेबलावर राहिली आणि उपदेशाची पिशवीत गेली.

अधिकाऱ्यांनी सोमवारी वही मध्येच उघडली. घटक : हरवलेलं मेंढरू. साहित्य : शंभर चिंचोके, एक डबी.

"सर, हे मेंढरू कोणत्या इयत्तेले हाय?"

"साहेब, ही वही रविवारची हाय. चुकून आली."

"आणि ते चिंचोके?"

डबी वर्गातल्या कपाटात होती. मुलं त्यांवर दशक-एकक मोजायची. बायबलमधला मेंढपाळ शंभरातलं हरवलेलं एक मेंढरू शोधायला जातो, ते दाखवताना एक चिंचोका लपवून नव्व्याण्णव मंडळीसमोर मांडायचे म्हणून ती आदल्या दिवशी चर्चमध्ये गेली होती आणि सकाळी परत आली होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हेच का ते साहित्य?" वडील म्हणाले, "हो."

तपासणीच्या शेऱ्यात आलं : सदर साहित्य वर्गात वापरत असल्याचे संबंधित शिक्षकाने मान्य केले आहे.

आठवडाभरात आदेश निघाला. वर्गात धार्मिक शिकवण दिली जाते काय, याची चौकशी पूर्ण होईपर्यंत शिक्षकाने तालुक्याच्या कार्यालयात हजर राहावे. वही जप्त झाली. चौथीचा वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे गेला. त्यांच्याकडे आधीच तीन इयत्ता होत्या.

वडिलांना कार्यालयात आवक-जावक नोंदवहीजवळची खुर्ची मिळाली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि कागद पुढच्या टेबलावर द्यायचा. फेब्रुवारीत त्यांनी अर्ज केला : शाळेत यावे, मुलांना विचारावे, मला वर्गावर जाऊ द्यावे. त्या अर्जाची आवक नोंद त्यांनी स्वतःच केली. मार्चमध्ये स्मरणपत्र दिलं. त्यावरही शिक्का त्यांनीच मारला.

मी तेव्हा बुलढाण्याच्या एका दैनिकात काम करत होते. अशा प्रकरणात कुणाला फोन करायचा, हे मला माहीत होतं. मी तीन फोन केले. संचिका खाली आहे, वर आहे आणि साहेब दौऱ्यावर आहेत, अशी तीन उत्तरं मिळाली.

बातमी करते म्हटलं, तर वडील चिडले.

"नको. पोरीनं बापाची बातमी केली म्हणतीन."

"मग काय करायचं, बाबा?"

"मले एवढंच सांग, पोरायले विचाराले काऊन कोणी नाही जाऊन राह्यलं? अठरा पोरं हायत. अर्ध्या तासाचं काम."



एप्रिलमध्ये पालकांनी स्वतःहून सह्यांचं निवेदन दिलं. पहिली सही सरपंचांची होती. एका मुलीची आई निवेदन घेऊन कार्यालयात आली आणि तिने ते वडिलांच्याच टेबलावर ठेवलं.

"सर, तुमी इथं शिक्के मारून राह्यले आन् पोरं तिकडं भागाकार इसरले."

"माझ्या हातात नाही, ताई."

"मंग कोणाच्या हाय?"

वडिलांनी निवेदनावर क्रमांक टाकून पोच दिली.

रविवारचं काम चालू होतं. वही नसल्यामुळे ते आठवून बोलत. एका रविवारी मधेच थांबले आणि पुढचं सुचेना. पहिल्या बाकावरून म्हातारी म्हणाली, "मास्तर, गृहपाठ द्या न् बसा खाली." लोक हसले. ते बसले.

मे महिन्याच्या सुरुवातीला निकाल लागला. अठरा मुलं पाचवीत गेली. शेवटचे चार महिने वडिलांनी त्यांना शिकवलेलं नव्हतं.

एकतीस मे रोजी वडील कार्यालयातून निवृत्त झाले. शाल, श्रीफळ आणि दोन भाषणं झाली. दोन्ही भाषणांत चौकशीचा उल्लेख नव्हता. जाताना त्यांनी वही मागितली. चौकशी प्रलंबित असल्यामुळे देता येत नाही, असं लिपिकाने सांगितलं.

गेल्या महिन्यात मी संचिका पाहण्यासाठी अर्ज केला आणि ती मला पाहायला मिळाली. वही तिच्यात आहे. तिच्या प्रत्येक पानाला लाल शाईने क्रमांक दिलेला आहे. वडिलांचा अर्ज, स्मरणपत्र आणि पालकांचं निवेदन त्याच क्रमाने लावलेलं आहे. शाळेला भेट दिल्याचा किंवा मुलांचे जबाब घेतल्याचा कागद तिच्यात नाही.